फायर ब्रिगेडच्या गाड्यांची खरेदी सभागृहाने कशी तपासायची: ताफ्याच्या यादीपासून ताबा घेईपर्यंत

गाडीखरेदीचा प्रस्ताव सभागृहात आला की काय होतं ते बहुतेकांनी बघितलंय. एक जण उठून विचारतो एवढी महाग का, दुसरा म्हणतो आगीच्या बाबतीत पैशाकडे बघायचं नसतं, अर्धा तास आवाज चढतात आणि प्रस्ताव मंजूर. दोन्ही बाजू देखरेख केल्याच्या समाधानात घरी जातात. आता गंमत अशी की त्या दिवशी किमतीत हलण्यासारखं जवळपास काहीच उरलेलं नसतं, कारण किंमत ठरते स्पेसिफिकेशन (गाडी नेमकी कशी हवी त्याचा तपशील, थोडक्यात स्पेक) लिहिलं जातं तेव्हा, म्हणजे कित्येक महिने आधी, आणि उरलेले पैसे गळतात मंजुरीनंतर, बदलांच्या कागदांवर आणि ताबा घेताना. नेमक्या या दोन वेळी सभागृहातलं कोणीच तिथे नसतं.

म्हणून खाली टप्पे क्रमाने दिलेत. मंजुरीच्या मर्यादा, समित्यांची नावं, खरेदीचे नियम प्रत्येक शहराचे वेगळे, ते तुमचे तुम्ही बघा, पण क्रम बदलू नका. घोळ बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळेच होतो.

टप्पा १: प्रस्ताव यायच्या आधी ताफ्याची यादी मागवा

नवी गाडी हवी का हा प्रश्न एकट्या त्या गाडीकडे बघून सुटत नाही, आख्खा ताफा समोर लागतो. दलाकडून एक तक्ता घ्या, गाडीमागे एक ओळ, आणि त्यात एवढं असू द्या: चेसिसचं (गाडीच्या खालच्या सांगाड्याचं) वर्ष, किलोमीटर, इंजिनचे तास, पंपाचे तास, मागच्या तीन वर्षांचा दुरुस्तीखर्च, मागच्या वर्षात किती दिवस गाडी बंद होती, आणि पंपाची शेवटची चाचणी कधी झाली व निकाल काय.

किलोमीटरवर विसंबू नका, इथेच नवे सदस्य फसतात. बंब आगीच्या ठिकाणी तासन्‌तास उभा राहून पंप चालवतो, इंजिन फिरत असतं आणि मीटर जागचं हलत नाही. ढोबळ हिशेबाला इंजिन चालू ठेवून उभं राहण्याचा एक तास म्हणजे साधारण ५० किलोमीटरची झीज असं धरतात. त्यामुळे "फक्त ६० हजार किलोमीटर झालीय, अजून दहा वर्षं जाईल" असं कोणी म्हणालं की आधी तासांचा आकडा विचारा.

वयाचा मापदंड हवा असेल तर अमेरिकेतल्या एनएफपीएच्या (नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन, आगीपासून बचावाची मानकं ठरवणारी संस्था) मार्गदर्शनात १५ वर्षांवरच्या गाड्या पहिल्या फळीतून काढून राखीव म्हणून ठेवा आणि २५ वर्षांवरच्या बदला, अशी शिफारस आहे. लक्षात घ्या, शिफारस. रोज दहा कॉलला जाणारी गाडी बाराव्या वर्षी खिळखिळी होते आणि शांत केंद्रावरची अठराव्या वर्षीही ठणठणीत असते, म्हणून वय आणि तास शेजारी ठेवूनच वाचायचे.

तपासा: तक्त्यातला "बंद दिवस" हा रकाना रिकामा आला तर पुढे जाऊ नका. गाडी किती दिवस बंद होती याची नोंदच दलाकडे नसेल तर नवी गाडी का हवी ते तेही सांगू शकणार नाहीत.

आणि ही यादी दरवर्षी बजेटच्या आधी मागवायची, प्रस्ताव आल्यावर नाही. बऱ्याच ठिकाणी ऑर्डर दिल्यापासून गाडी हातात यायला दोन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. आज मोडकळीला आलेल्या गाडीसाठी आज प्रस्ताव आला म्हणजे आपल्याला निदान दोन वर्षं उशीर झालाय, आणि घाईत असलेल्या गिऱ्हाईकाला विक्रेता लांबून ओळखतो.

टप्पा २: गरज एका पानावर लिहून घ्या

दलप्रमुखांना एकच पान लिहायला सांगा, त्यात कंपनीचं नाव नको, मॉडेल नको. गाडी कुठल्या केंद्रावर राहणार, कसल्या कॉलला जाणार, किती माणसं बसणार, पाणी जवळपास मिळतं की सोबत न्यायचं, कुठली जुनी गाडी निघणार.

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. जुनी गाडी "राखीव म्हणून ठेवू" असं मोघम असेल तर राखीव ताफा फुगत जातो, त्याचा विमा, देखभाल, जागा सगळं चालू राहतं. कुठली राखीव आत येणार आणि कुठली भंगारात किंवा लिलावात जाणार, दोन्हीचे नंबर लिहून घ्या.

शिडीची गाडी असेल तर आणखी एक प्रश्न. जितकी उंच शिडी तितकं गाडीचं वजन आणि जॅक (गाडी उलटू नये म्हणून बाजूला टेकवायचे पाय) पसरायला लागणारी रुंदी वाढते, आणि जॅक पसरायला जागा नसेल तर उंच शिडी नुसती मिरवायला. शहरातल्या सगळ्यात अरुंद दहा रस्त्यांवर ती उभी राहू शकते का, हे कागदावर नको, टेप घेऊन मोजून सांगा म्हणावं.

टप्पा ३: स्पेसिफिकेशन, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. पाण्याच्या गाडीला वॉटर टेंडर म्हणतात आणि निविदेलाही टेंडर, त्यामुळे "टेंडरचं टेंडर निघालं का" असले प्रश्न बैठकीत ऐकू येतात आणि इतिवृत्तात तर कोणतं टेंडर मंजूर झालं तेच कळत नाही. लिहिताना गाडीला गाडी म्हणा आणि निविदेला निविदा.

स्पेक हे शंभर-दीडशे पानांचं बाड असतं आणि सदस्यांनी ते सगळं वाचावं अशी अपेक्षाच नाही. गाडी डिझाइन करणं तुमचं काम नव्हे, पंप पुढे हवा की मधे यावर सभागृहात मतदान घ्यायची वेळ आली तर समजा गाडी रुळावरून उतरलीय. तुम्ही चारच गोष्टी शोधायच्या.

पहिली, कुलूप. म्हणजे स्पेक अशी लिहिलीय का की एकच कंपनी आत येईल. खुणा ठरलेल्या असतात: मापं मिलिमीटरपर्यंत नेमकी आणि कमी-जास्तची सूट कुठेच नाही, ब्रँडचं नाव आहे पण पुढे "किंवा समकक्ष" नाही, एखादं वैशिष्ट्य एकाच कंपनीच्या पेटंटचं, आणि वाक्यं तर सरळ माहितीपत्रकातून उचललेली, विशेषणांसकट. सोपा उपाय आहे. दलाकडून लेखी घ्या की ही स्पेक पूर्ण करू शकतील अशा किमान तीन उत्पादकांची नावं कोणती. तीन सापडत नसतील तर कुठल्या अटीमुळे सापडत नाहीत ते लिहा आणि ती अट का हवी तेही लिहा.

इथे न्यायाने बोलायचं तर प्रत्येक कुलूप म्हणजे लबाडी नसते. ताफ्यातल्या आठ गाड्यांचं पंप पॅनेल एकसारखं असेल तर कुठल्याही केंद्रावरचा माणूस अंधारात कुठल्याही गाडीवर काम करू शकतो, स्पेअर एकच ठेवावे लागतात, मेकॅनिकना एकदाच शिकवावं लागतं. हे कारण पटण्यासारखं आहे, मी तर म्हणेन बऱ्याचदा स्वस्त बोलीपेक्षा मोलाचं आहे. पण ते प्रस्तावात उघड लिहा, स्पेकच्या ८७व्या पानावर मिलिमीटरमध्ये लपवू नका.

दुसरी, मानक. स्पेकमध्ये कुठलं मानक लागू आणि त्याची कुठल्या सालची आवृत्ती, हे ठळक हवं. अमेरिकन पद्धतीच्या जुन्या स्पेकमध्ये एनएफपीए १९०१ लिहिलेलं असतं, ते आता २०२४ च्या एनएफपीए १९०० मध्ये सामावलंय, आणि चालू गाड्यांच्या तपासणीचं १९११ हे १९१० मध्ये गेलंय. युरोपात गाड्यांसाठी ईएन (युरोपीय मानक) १८४६ आणि पंपासाठी ईएन १०२८ चालतं. जुना आकडा दिसला म्हणजे जुनी स्पेक तारीख बदलून पुन्हा छापलीय असं समजायला हरकत नाही. दोन पद्धतींची खिचडी असेल तर जास्तच सावध राहा. युरोपीय पद्धतीतला एफपीएन १०-२००० पंप म्हणजे १० बार दाबाला मिनिटाला २,००० लिटर, आणि एनएफपीएच्या पंपर गाडीला किमान ७५० गॅलन, म्हणजे मिनिटाला साधारण २,८४० लिटर, १५० पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं अमेरिकन एकक). कोणाचा आकडा कुठल्या दाबावरचा हे न बघता दोन बोलींची तुलना केली की ती तुलना वाया.

तिसरी, वजन. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलेलं असतं पण स्पेक लिहिताना कुणाला आठवत नाही. टाकी ४,००० ची ६,००० लिटर केली की नुसतं पाणीच दोन टन वाढलं, वर मोठी टाकी, जड चेसिस, मोठे ब्रेक, आणि मग गाडी जुन्या पुलावरून जाणार का हा प्रश्न. "थोडं जास्त पाणी असू द्या की" हे वाक्य बैठकीत हमखास कोणीतरी बोलतं, बहुतेक वेळा सदस्यच.

चौथी, दार. हसू नका. केंद्राच्या दाराची उंची-रुंदी, आत उभी राहिल्यावर मागे-पुढे उरणारी जागा, वळायचा घेर, हे सगळं मोजून स्पेकमध्ये कमाल माप म्हणून हवं. मी एका ठिकाणी बघितलंय, गाडी कागदावर दारापेक्षा कमी उंच होती, पण बाहेरच्या उतारावरून आत शिरताना तिचा पुढचा भाग वर उचलला जायचा आणि छपरावरचा दिवा चौकटीला घासायचा. वर काही वर्षांपूर्वी केंद्राच्या फरशीवर नवा थर टाकलेला, आणि नकाशात जुनीच उंची. शेवटी दार फोडून वाढवलं, आणि तो खर्च गाडीच्या हिशेबात कधीच दिसला नाही.

सावधान: स्पेक तयार व्हायच्या काळात सदस्यांनी विक्रेत्यांना एकेकटं भेटू नये, फॅक्टरी बघायला या, जेवायला या, काहीही असो. प्रश्न असतील तर लेखी, दलामार्फत, आणि उत्तर सगळ्या बोलीदारांना एकाच वेळी.

टप्पा ४: खरेदीचा मार्ग ठरवा

मार्ग साधारण तीन. स्वतः निविदा काढणं, दुसऱ्या संस्थेने आधीच काढलेल्या सामायिक करारावर स्वार होणं, किंवा एकाच विक्रेत्याकडून थेट घेणं.

सामायिक करार सोपा आणि वेगवान वाटतो, आणि साध्या गाडीसाठी ठीकच असतो. चूक अशी होते की लोक समजतात करारात आहे म्हणजे किंमत स्पर्धेतून आलीय. स्पर्धा झालेली असते मूळ मॉडेलसाठी, आणि आपण त्यावर चढवतो पन्नास ऑप्शन, म्हणजे जास्तीच्या सोयी, त्यांचे दर बऱ्याचदा यादीतले सरसकट. म्हणून एक आकडा मागा: एकूण किमतीत मूळ मॉडेल किती टक्के आणि ऑप्शन किती टक्के. ऑप्शनच निम्म्याच्या आसपास गेले असतील तर तुम्ही करारातली गाडी घेतच नाहीयात, वेगळीच घेताय.

थेट खरेदी असेल तर टप्पा ३ मधलं "तीन नावं का नाहीत" हे उत्तर ठरावाला जोडलेलं हवं. नसेल तर विषय पुढच्या बैठकीला.

बोलींची तुलना करताना नुसता खरेदीदर बघू नका. पहिल्या दहा वर्षांची ठरलेली देखभाल, टायर (एनएफपीएच्या हिशेबाने ७ वर्षांनी बदलायचे, नक्षी शाबूत असली तरी), शिडी असेल तर दर ५ वर्षांची विनाशविरहित तपासणी (शिडीला धक्का न लावता आतल्या भेगा शोधणारी), मेकॅनिकचं प्रशिक्षण, आणि सगळ्यात जवळचं अधिकृत वर्कशॉप किती लांब. गाडी दुरुस्तीला पाठवायची म्हणजे दोन माणसं आणि दोन दिवस गेले, हा खर्च कुणाच्याच बोलीत नसतो.

टप्पा ५: पैसे कधी द्यायचे

विक्रेता म्हणतो आगाऊ भरा, सूट देतो. सूट ऐकली की सभागृह खूश, कारण ठरावात "बचत" असा शब्द लिहिता येतो. जरा गणित करा. समजा पूर्ण रक्कम आगाऊ भरली तर ४ टक्के सूट आहे, गाडी अडीच वर्षांनी येणार, आणि शहराच्या ठेवीवर ५ टक्के व्याज मिळतं. अडीच वर्षांचं व्याज साडेबारा टक्क्यांच्या आसपास गेलं, हातात आली ४ टक्के सूट. वर कंपनी मधेच बुडाली तर गाडीही नाही आणि पैसेही नाहीत. चेसिस आल्यावर चेसिसचे पैसे, हे त्यातल्या त्यात बरं, पण तेव्हा चेसिसची मालकी शहराच्या नावावर आलीच पाहिजे.

आगाऊ द्यायचेच असतील तर तेवढ्याच रकमेची बँक गॅरंटी किंवा बाँड, आणि त्याची मुदत डिलिव्हरीच्या तारखेपलीकडे जाणारी.

करारात चार जागा बोट ठेवून वाचा. डिलिव्हरीचा दिवस तारखेत आहे की "अंदाजे"? उशिराचा दंड दर दिवशी किती, आणि कमाल कितीवर थांबतो? किंमतवाढीचं कलम आहे का, असेल तर कुठल्या जाहीर निर्देशांकाला बांधलंय आणि त्याला वरची मर्यादा आहे का? मधल्या काळात उत्सर्जनाचे नियम बदलून नवं इंजिन बसवावं लागलं तर फरक कोणी सोसायचा? दोन-अडीच वर्षं थांबायचं असताना शेवटची दोन कलमं सोडून दिली तर ठरावातल्या किमतीला काही अर्थच राहत नाही.

टप्पा ६: ठराव असा लिहा

मंजुरीच्या ठरावात "प्रस्ताव मान्य" एवढंच लिहिणं ही सगळ्यात महागडी कंजुषी. यात घाला: कमाल रक्कम, त्यात बदलांसाठी वेगळा राखीव किती, त्या राखीवमधून किती रकमेपर्यंत दलप्रमुख स्वतः सही करू शकतात आणि कितीच्या वर समितीकडे यावं लागेल, कुठली जुनी गाडी निघणार, आणि दर तीन महिन्यांनी एक पानाचा अहवाल. होज, नोझल, रेडिओ, श्वसनयंत्रं हे गाडीच्या किमतीत आहे की वेगळं, हेही. कारण गाडी येते, फोटो होतात, आणि मग कळतं की लॉकर रिकामे आहेत आणि सामानाचा वेगळा प्रस्ताव यायचाय.

टप्पा ७: गाडी बनत असताना

ऑर्डर दिल्यावर बांधणी सुरू व्हायच्या आधी दल आणि उत्पादक यांची एक बैठक होते, त्यात प्रत्येक ओळ पक्की होते. स्वस्तात बदल करायची ही शेवटची संधी. पत्रा कापला गेल्यावर एक लॉकर चार इंच सरकवायचा तरी वायरिंगपासून सगळं उघडावं लागतं.

या बैठकीनंतरच्या प्रत्येक बदलाच्या कागदावर तीन गोष्टी हव्यात: कारण, रक्कम, आणि डिलिव्हरी किती दिवस पुढे जाणार. तिसरी गोष्ट बहुतेक गाळलेली असते, आणि मग उशिराचा दंड मागायला गेलं की उत्पादक म्हणतो बदल तुम्हीच केलात.

तपासा: छोटे छोटे बदल मर्यादेच्या जरा खाली बसवून एकामागून एक येतायत का. तीन महिन्यांच्या अहवालात प्रत्येक बदलाची वेगळी रक्कम न बघता बेरीज बघा.

फॅक्टरीत तपासणीला कोण जातं तेही बघा. गाडी चालवणारा, पंप चालवणारा आणि मेकॅनिक, हे तिघे गेले पाहिजेत. नुसते साहेब गेले तर रंग आणि अक्षरं नीट बघून येतील.

टप्पा ८: ताबा घेताना

शेवटचा हप्ता हातात असेपर्यंतच तुमचं कोणी ऐकतं, म्हणून चाचण्या पूर्ण होऊन यादीतली प्रत्येक त्रुटी मिटेपर्यंत तो सोडायचा नाही. क्रम असा:

१. वजन. टाकी भरलेली, सामान चढवलेलं, माणसं बसलेली, अशी गाडी काट्यावर. पुढचा आणि मागचा धुरा वेगवेगळा, आणि डावी-उजवी बाजूही. एनएफपीएनुसार दोन बाजूंमधला फरक ७ टक्क्यांच्या आत लागतो. रिकाम्या गाडीच्या वजनाची पावती दाखवली तर परत पाठवा.

२. ब्रेक. एनएफपीएची कसोटी आहे ताशी ३२ किलोमीटरवरून १०.७ मीटरच्या आत थांबणं. हीसुद्धा भरलेल्या गाडीवरच घ्यायची.

३. पंप. एनएफपीए पद्धतीत नव्या पंपाची चाचणी एकूण तीन तासांची असते: दोन तास पूर्ण क्षमतेने १५० पीएसआयला, अर्धा तास ७० टक्क्यांवर २०० ला, अर्धा तास ५० टक्क्यांवर २५० ला. "दहा मिनिटं चालवून दाखवली, मस्त पाणी मारलं" ही चाचणी नाही, ते प्रात्यक्षिक झालं. प्रमाणपत्र त्रयस्थ संस्थेचं आहे का ते बघा आणि त्यावरचा पंपाचा सीरियल नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून घ्या.

४. दार. ज्या केंद्रावर राहणार तिथेच आत घाला, बाहेर काढा, दोनदा.

सावधान: उद्घाटनाची तारीख आधी ठरवू नका. पाहुणे बोलावले गेले, हार आणले गेले की गाडीत दहा त्रुटी असल्या तरी सही होतेच. बाकी सगळे टप्पे नीट करून इथे पाय घसरलेला मी एकदा पाहिलाय, आणि पुढे सात-आठ महिने त्या त्रुटींसाठी पत्रव्यवहार चालला.

टप्पा ९: पहिलं वर्ष

वॉरंटी कधी सुरू झाली ते बघा, ताबा घेतल्याच्या दिवशी की फॅक्टरीतून निघाल्याच्या. चेसिस, पंप, टाकी, बॉडी, रंग, प्रत्येकाची मुदत वेगळी असते आणि बऱ्याचदा कंपनीही वेगळी, त्यामुळे एका तक्त्यात सगळ्या तारखा लिहून दलाच्या वर्कशॉपमध्ये भिंतीवर लावायला सांगा.

पहिल्या वर्षाचे बंद दिवस वेगळे मोजा. नवी गाडी वर्षात महिनाभर वर्कशॉपमध्ये असेल तर समितीपुढे कारणासकट आलं पाहिजे, कारण पुढच्या खरेदीत तीच बोली पुन्हा सगळ्यात स्वस्त म्हणून समोर येणार आहे. आणि ठरावात जिचा नंबर लिहिला होता ती जुनी गाडी खरंच ताफ्यातून गेली का, हे विमा आणि नोंदणीच्या कागदांवरून तपासा. केंद्राच्या मागे ताडपत्रीखाली उभी असेल तर ती अजून गेलेली नाही.